दीड एकर उन्हाळी टोमॅटो एकदम लावू का? (जुन्नर तालुका, विहीर + कॅनॉल)

कॅनॉलकाठ_जुन्नर

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमची जुन्नर तालुक्यात आळेफाट्याकडच्या बाजूला साडेचार एकर जमीन. वडील कांदा आणि बाजरी करतात, थोडं गवत गुरांना. मी सहा वर्षं चाकणला कंपनीत काँट्रॅक्टवर होतो, दिवाळीनंतर काम संपलं आणि आता घरीच आहे आणि खरं सांगायचं तर मला परत जायचं नाहीये. शेती नीट पैशाच्या हिशोबाने करून बघायचीय.

विचार असा आहे की दीड एकर उन्हाळी टोमॅटो लावायचा, फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या पहिल्या आठवड्यात. नारायणगावचं मार्केट २० किलोमीटरवर आहे त्यामुळे माल न्यायची अडचण नाही. पाणी म्हणाल तर विहीर आहे, मार्चअखेरपर्यंत बरी चालते, नंतर कुकडीच्या कॅनॉलचं आवर्तन (पाणी सोडायची पाळी) आलं की विहिरीला पाझर लागतो. ड्रीप (ठिबक) आहे, १६ एमएमची इनलाईन नळी, दर ४० सेंटीमीटरवर तासाला ४ लिटरचा ड्रीपर. माझ्याकडे शिल्लक १ लाख ७५ हजार आहेत. बाकीचं औषध खत दुकानदार उधारीवर देतो म्हणालाय, माल निघाला की द्यायचे.

वडील नको म्हणतात. त्यांचं म्हणणं टोमॅटो हा जुगार आहे, कांदा निदान चाळीत साठवून ठेवता येतो. मला त्यांचं पटतं पण आणि नाही पण. २०२३ ला आमच्या शेजारच्या गावात लोकांनी टोमॅटोच्या त्या एका सीझनमध्ये घरं बांधली हे मी डोळ्याने बघितलंय.

दोन प्लॉट आहेत, एकात आत्ता कांदा आहे तो फेब्रुवारीत निघेल, दुसऱ्यात वांगी होती ती डिसेंबरमध्ये काढून टाकली, तो रिकामाच आहे. वांग्याचा प्लॉट तयार असल्यामुळे तिथेच लावावा असं मनात आहे. दीड एकर एकदम लावू का, खर्च किती येईल, व्हरायटी कुठली, कृपया ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा.

घोडनदी_मळा

भाऊ, आधी एक, वांग्याच्या प्लॉटमध्ये टोमॅटो अजिबात लावू नको. वांगी, मिरची, टोमॅटो, बटाटा ही सगळी एका घरातली, मर रोगाचं बी जमिनीत राहतं आणि ऐन फळं लागली की हिरवंगार झाड दुपारी मान टाकतं, संध्याकाळी पाणी दिलं तरी उठत नाही. मी हे मंचर भागात माझ्या स्वतःच्या प्लॉटमध्ये बघितलंय, चारशे झाडं आठ दिवसात गेली. कांद्याचा प्लॉट आहे ना, तो घे. पंधरा दिवस उशीर झाला तरी चालेल.

आता खर्च. मी १४ वर्षं टोमॅटो करतोय आणि मला कुणी विचारलं की टोमॅटो परवडतो का तर मी उलट विचारतो, तुझं २० किलोचं कॅरेट कितीला पडतं? दहातले आठ जण सांगू शकत नाहीत. तू लावायच्या आधी काढ.

एका एकराचं धरू. दोन बेडमधलं (गादीवाफ्यांमधलं) अंतर ५ फूट, दोन झाडात दीड फूट, म्हणजे एकराला ५८०० झाडं बसतात, नांग्या (मेलेल्या रोपांच्या जागा) भरायला धरून ६२०० रोपं सांग. नर्सरीत दीड रुपयाच्या आसपास रोप, १० हजार झाले. मल्चिंग पेपर ४०० मीटरचे ७ बंडल लागतील, १६ हजार. शेणखत ४ ट्रॉली, आमच्याकडे ५ हजाराला ट्रॉली आहे, २० हजार. बेसल डोस, म्हणजे लावणीआधीचं खत, १० हजार. बांबू ८ फुटावर एक धरला तर ११०० लागतात, नवे घेतलेस तर ३० हजार कुठे गेले नाहीत, पण ते तीन चार सीझन चालतात. तार आणि सुतळी १५ हजार. बांधणी तीन-चार वेळा करावी लागते त्याची मजुरी २० हजार. ड्रीपमधून सोडायची खतं आणि फवारण्या, कितीही हात आखडला तरी ३५ ते ४० हजार. झाली बेरीज? १ लाख ६० हजाराच्या घरात जाते आणि अजून एक फळ तोडलेलं नाही.

त्याच्यावर तोडणी, भरणी, पिकअपचं भाडं, हमाली वगैरे धरून कॅरेटमागे ६० रुपये वेगळे. म्हणजे एकरात १००० कॅरेट निघाली तर १६० आणि ६०, २२० रुपयाला २० किलोचं कॅरेट तुला घरात पडलं. १४०० निघाली तर १७५ च्या आसपास. आणि व्हायरस येऊन ६०० वरच थांबलास तर ३२५ च्या पुढे. हे तीन आकडे घरात भिंतीवर लिहून ठेव.

तू दीड एकर म्हणतोयस म्हणजे पहिल्या तोड्याच्या आधीच २ लाख ४० हजार जाणार. तुझ्याकडे पावणेदोन आहेत. वरचे ६५ हजार म्हणजे दुकानदाराची उधारी. त्यावर मी खाली वेगळं लिहितो, जेवण करून येतो.

राहता राहिलं २०२३. त्या जुलैमध्ये नारायणगावला कॅरेट २००० च्या वर गेलेलं मी पण विकलंय, खोटं कशाला बोलू. पण त्याच वर्षी सप्टेंबर संपता संपता किलोला चार-पाच रुपयावर आलं होतं आणि लोकांनी जुलैचा भाव बघून लावलेला माल बांधावर ओतला. जुलैला ज्यांचा माल होता त्यांनी एप्रिल-मेमध्ये लावला होता, तेव्हा भाव पडलेला होता आणि कुणाला लावायची हिंमत नव्हती. भाव बघून लावलं की भाव निघून गेलेला असतो.

प्रवरा_शिवार

दादा, मी संगमनेरच्या बाजूची आहे, घरचा भाजीपाला मीच बघते, आमचे हे नोकरीला असतात. वरच्या दादांनी हिशोब सांगितला तो बरोबर आहे, मी व्हायरसचं सांगते कारण उन्हाळी टोमॅटोत पैसे बुडतात ते जास्त करून व्हायरसने, बाकीचे बरेचसे रोग औषधाने आटोक्यात येतात.

२०२० च्या मे महिन्यात आमच्याकडे, अकोले तालुक्यात, तुमच्या जुन्नरला पण, फळांवर पिवळे लाल हिरवे पट्टे यायला लागले होते, पिकतच नव्हती धड, आतून काळपट आणि घट्ट. लोक तिरंगा व्हायरस म्हणायचे. नमुने बंगळुरूच्या फलोद्यान संस्थेत गेले होते आणि तिथे काकडीवरचा मोझॅक व्हायरस सापडला, अजून एक दोन जोडीला होते. आमचा एक एकर होता. व्यापारी कॅरेट उघडून बघायचा आणि झाकण लावून परत द्यायचा. लॉकडाऊन, त्यात हे. ते दिवस मला अजून आठवतात.

तेव्हापासून मी एक गोष्ट शिकले की व्हायरसवर औषध नाही म्हणजे नाहीच. कुणी बाटली दाखवून सांगेल की याने व्हायरस जातो तर त्याच्याकडून काही घेऊ नका. व्हायरस आणणारे किडे अडवायचे एवढंच आपल्या हातात. पांढरी माशी लीफ कर्ल आणते ज्याला आपण चुरडामुरडा म्हणतो, फुलकिडे टोस्पो नावाचा व्हायरस आणतात, मावा तो काकडीवाला आणतो. आणि रोप जेवढं लहान असताना लागण होईल तेवढं नुकसान मोठं. पहिले ४०-४५ दिवस सांभाळलं की अर्धी लढाई झाली.

म्हणून रोपं घेताना नर्सरीत स्वतः जा. बारीक जाळीचं शेडनेट आहे का बघा, दार दोन आहेत का, की सगळं उघडं आणि गाड्या आत जातात. रोप २५ दिवसाचं, बुटकं, जाड खोडाचं घ्या, उंच लवलवीत नको. रोपाचं पान उलटं करून बघायचं, पांढरी माशी उडाली तर तिथून निघायचं. स्वस्त पडतं म्हणून उरलेला ट्रे घेऊ नका, आम्ही घेतला होता एकदा.

प्लॉटच्या चारी बाजूने मक्याच्या दोन ओळी लावणीच्या आधी निदान तीन आठवडे टाकून ठेवा, म्हणजे तुमची रोपं जातील तेव्हा मका गुडघ्याला आलेला असेल. मावा उडत येतो तो आधी मक्यावर बसतो आणि तिथेच त्याची सोंड पुसली जाते असं मला एका कृषी अधिकारी मॅडमनी समजावलं होतं, आणि मला फरक दिसला. पिवळे आणि निळे चिकट सापळे लावणीच्या दिवशीच लावा, किडे दिसल्यावर नाही. चंदेरी मल्चिंग वरच्या अंगाला ठेवायचं, त्याच्या चकाकीने माशी कमी बसते. आणि पहिल्या महिन्यात जे झाड चुरडलेलं दिसेल ते उपटून पिशवीत घालून लांब नेऊन पुरायचं. जीव तुटतो पण उपटायचं. एका झाडाचा मोह धरला की शेजारची दहा जातात.

नागअळीचं (टूटा) पण बघा, २०१४ ला देशात पहिल्यांदा सापडली ती आपल्या महाराष्ट्रातच. पानात पांढरे फुगे आणि फळाच्या देठाशी टाचणीएवढं भोक. तिला कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पकडणारे) मिळतात, लावणीबरोबरच लावा. झेंडू मात्र मधेमधे लावाच, हिरवी फळं पोखरणारी अळी झेंडूच्या कळीवर जास्त अंडी घालते आणि दसऱ्याचा सीझन नसला तरी झेंडूचे चार पैसे येतात.

नाशिककर_पाटील

टोमॅटो एके टोमॅटो करू नका एवढंच सांगतो. टोमॅटो संपला की त्याच मल्चिंगवर त्याच बांबू-तारेवर दोडका किंवा कारलं किंवा काकडी सोडा. टोमॅटोची झाडं उपटायची नाहीत, बुडातून कापायची आणि शेजारी भोक पाडून बी टोकायचं. मल्चिंगचा आणि बांबूचा खर्च दोन पिकांवर वाटला जातो. आम्ही गेले पाच वर्ष असंच करतोय आणि बरेचदा टोमॅटोने तोंड पाडलं तर दोडक्याने घर चालवलं. टोमॅटोला तो काकडीवाला मोझॅक व्हायरस मोठा असेल तर मात्र काकडी नका लावू, तो काकडीवर पण येतो.

कॅनॉलकाठ_जुन्नर

एवढं सविस्तर कुणी सांगेल वाटलं नव्हतं, मनापासून आभार. वांग्याच्या प्लॉटचा विचार सोडला. वडिलांना हे वाचून दाखवलं, त्यांनी फक्त कॅरेटचा हिशोब दोनदा वाचायला लावला.

अजून तीन प्रश्न. एक, पाणी. एकराला दिवसाला नक्की किती लागतं, मला अंदाज येत नाहीये, आवर्तन लांबलं तर काय. दोन, दीड एकर एकदम नको तर मग किती आणि कसं. तीन, तोडणीला माणसं. आमच्याकडे मे महिन्यात माणूस मिळत नाही, लग्नं असतात आणि सगळ्यांचे टोमॅटो एकदम चालू.

घोडनदी_मळा

पाणी आधी, कारण सगळं त्यावर आहे.

तुझी ड्रीप ४० सेंटीमीटरवर ४ लिटरची. ५ फुटाच्या बेडने एकरात साधारण २६७० मीटर नळी बसते, म्हणजे ६६७५ ड्रीपर, तासाला २६ ते २७ हजार लिटर पाणी. लावल्यावर पहिल्या पंधरवड्यात रोज १०-१५ मिनिटं पुरतं. पण एप्रिल-मेमध्ये झाडावर फळाचा भार आणि वर ऊन, तेव्हा एकराला दिवसाला २० ते २५ हजार लिटर लागतं, म्हणजे रोज पाऊण एक तास. आता तू एक काम कर, विहीर एकदा पूर्ण उपसून बघ आणि २४ तासात किती चढते ते मोज. विहिरीचा व्यास आणि चढलेली फुटं यावरून लिटर निघतात, नाही जमलं तर इथे टाक मी काढून देतो. एप्रिलमध्ये दिवसाची आवक ४० हजार लिटरच्या खाली जाणार असेल तर दीड एकराचं नाव पण काढू नको. वडिलांना विचार मागच्या दोन एप्रिलमध्ये मोटर किती वेळ चालायची, त्यांना तोंडपाठ असेल.

आवर्तनाच्या भरवशावर टोमॅटो लावू नये हे माझं स्पष्ट मत. कुकडीचं पाणी येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे अशा पाच धरणांत मिळून असतं आणि त्याच्यावर पार नगर, सोलापूरपर्यंतची माणसं बसलेली आहेत. तारीख आठ-दहा दिवस पुढे गेली की कांदा तग धरतो, टोमॅटो नाही धरत. ताण बसला की फुलगळ होते, फळाचं बूड काळं पडतं, ते कॅल्शियमचं आहे असं दुकानदार सांगतो आणि बाटली देतो पण मुळात पाणी कमी-जास्त झाल्यामुळे झाडाला कॅल्शियम उचलता येत नाही. आणि मग आवर्तन आलं की आपण खूश होऊन दोन तास ड्रीप चालवतो, फळं तडकतात. तडकलेलं फळ कॅरेटमध्ये तळाला घातलं तरी लिलावात उघडं पडतंच.

उधारीचं बोलतो म्हणालो होतो. उधारीवर औषध घेतलं की औषध कुठलं ते आपण ठरवत नाही, तो ठरवतो. मी पहिली चार वर्षं असाच अडकलो होतो, एका दुकानात. दर आठ दिवसाला पिशवी भरून द्यायचा, त्यात अर्ध्या बाटल्या टॉनिकच्या, ज्याच्यावर नीट लेबल पण नसायचं काय आहे आत. विचारायची सोय नाही कारण पैसे बाकी. सीझन संपल्यावर बिल बघितलं तर ७८ हजार, आणि माझ्या वहीत फवारण्या १९. रोख घेणाऱ्या माझ्या चुलत भावाचं त्याच सीझनला ३४ हजार आणि माल माझ्यापेक्षा बरा. तेव्हापासून मी किडा बघतो, मग औषध घेतो, आणि रोख घेतो. लेबलवर त्रिकोण असतो ना, लाल, पिवळा, निळा, हिरवा, लाल सगळ्यात विषारी, तो बघायचा आणि शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस तोडा करायचा नाही ते पण तिथेच छापलेलं असतं. ते पाळायचं. आपलीच भाजी कुणाची तरी पोरं कच्ची खातात कोशिंबिरीत.

माती आणि पाणी तपासून घे, नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचार. व्हरायटीचं मुद्दाम नाव सांगत नाही कारण तुझ्या ५ किलोमीटरमध्ये मागच्या उन्हाळ्यात कुठली चालली तेच खरं. चार प्लॉटवाल्यांना भेट, ऊन सोसणारी, पानांनी फळं झाकणारी, लीफ कर्लला सहनशील आणि कडक सालीची, एवढं बघ. नवीन आलेली कुठलीही व्हरायटी पहिल्या वर्षी चार ओळींच्या वर लावायची नाही.

वावरातला_आबा

मी वेगळं सांगतो, राग मानू नका कुणी. दोन टप्प्यात, तीन टप्प्यात लावा असं सगळे सांगतात पण त्याचे पण त्रास आहेत. थोडा थोडा माल निघतो, ३० कॅरेटसाठी पिकअप येत नाही, आला तर भाडं तेवढंच. आणि जुन्या प्लॉटवरची पांढरी माशी, नागअळी सगळी उडून नव्या कोवळ्या प्लॉटवर येते. माझा दुसरा टप्पा दोन वेळा असाच गेला. एकदम लावलं तर एकदम माणसं लावून मोकळं होता येतं. भाव काय नशिबात असेल तो.

प्रवरा_शिवार

आबा, तुमचा किड्याचा मुद्दा खराच आहे, आमचं पण झालंय. पण त्याला उपाय आहे. उन्हाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो, म्हणून पहिला टप्पा पूर्वेला लावायचा आणि नंतरचा पश्चिमेला, म्हणजे वारा नव्याकडून जुन्याकडे जातो, किडे उलटं कमी येतात. आम्ही आधी उलटं करायचो कारण विहीर पश्चिमेला आणि पाइप तिकडून वाढवत जायचो. मध्ये मक्याच्या ओळी पण ठेवा. आणि जुना प्लॉट संपला की तसाच उभा सोडू नका, चार तोडे अजून मिळतील म्हणून ठेवलेला म्हातारा प्लॉट म्हणजे किड्यांचं माहेर.

पिकअपचं म्हणाल तर दोन घरं मिळून भरायचा. आम्ही तीन घरं मिळून भरतो, कॅरेटवर आपापली खूण रंगाने करायची, पट्टी (विक्रीची पावती) वेगवेगळी.

आणि पट्टीवरून आठवलं दादा, पट्टी घरी आल्यावर रोज वाचा. किती कॅरेट गेली, कितीला गेली, काय काय कापलं. २०१६ पासून फळं-भाज्यांची आडत (दलाली) शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची नाही असा राज्याचा नियम आहे. तरी कुठे कुठे वेगळ्या नावाने कापलेली दिसते, तिथे तोंड उघडायचं. माझ्या पट्टीत एकदा "इतर" म्हणून कॅरेटमागे काहीतरी होतं, मी विचारलं कशाचे, दुसऱ्या दिवशीपासून ते गेलं. बाईमाणूस विचारतेय म्हणून आधी हसले होते.

माणसांचं. तोडणीला बायका लागतात आणि मे महिन्यात त्यांना दहा ठिकाणाहून बोलावणं असतं. आम्ही पैरा करतो, मी तिच्याकडे दोन दिवस ती माझ्याकडे दोन दिवस. मजुरीने बोलवायचं तर ज्या बायका येतात त्यांना सावली, पाणी, चहा वेळेवर आणि पैसे त्याच आठवड्यात द्या. हे साधं वाटतं पण कुणाच्या वावरात पहिलं जायचं हे त्यावरच ठरतं. सकाळी लवकर सुरू करून ११ ला थांबायचं, उन्हातलं तापलेलं फळ कॅरेटमध्ये घातलं की मार्केटला पोचेपर्यंत मऊ पडतं. आणि घरात किती माणसं आहेत ते मोजून क्षेत्र ठरवा. तुम्ही, वडील, आई, एवढेच असाल तर अर्ध्या एकराच्या पुढे पहिल्या वर्षी जाऊ नका असं मी तरी म्हणेन.

वावरातला_आबा

वाऱ्याचं कधी डोक्यात आलं नव्हतं. माझा नवा टप्पा दोन्ही वेळा पूर्वेलाच होता. यंदा फिरवून बघतो.

नाशिककर_पाटील

अजून एक. भाजीपाला व्यापारी तत्त्वावर करायचा तर रोज किंवा दोन दिवसाआड थोडे तरी पैसे येणारं एक पीक पाहिजेच. टोमॅटोला पहिला पैसा ६५-७० दिवसांनी. तोपर्यंत माणूस घाबरतो आणि उधारी करतो. ५ गुंठे कोथिंबीर किंवा मेथी, १० गुंठे काकडी जी ४०-४५ दिवसात चालू होते. वांग्याचा रिकामा प्लॉट आहे ना तुमचा, तिथे कोथिंबीर चालते, तिला त्या मर रोगाचं काही नाही. नारायणगावला कोथिंबिरीचा पण लिलाव असतो. उन्हाळ्यात कोथिंबीर उगवायला त्रास देते, धने फोडून, १२ तास भिजवून टाका आणि उगवेपर्यंत वर पालापाचोळा नाहीतर जुन्या शेडनेटची सावली.

कॅनॉलकाठ_जुन्नर

मंडळी, आठ दिवसांनी लिहितोय. विहीर मोजली. २१ फूट व्यास, उपसल्यावर २४ तासात साडेसहा फूट चढली, घोडनदी दादांनी फोनवर हिशोब करून दिला तो ६३-६४ हजार लिटर आला. पण ही जानेवारीची आवक. वडील म्हणाले एप्रिलमध्ये याच्या निम्म्याच्या खाली धर, आणि मागच्या एप्रिलमध्ये मोटर दिवसाला सव्वा तासात फुसकी मारायची. म्हणजे ३० हजार सुद्धा धरता येत नाही. दीड एकराचा विषय तिथेच संपला, आणि तो मी नाही वडिलांनी पण नाही, विहिरीनेच संपवला.

आता असं ठरवलंय. कांद्याच्या प्लॉटमध्ये २५ गुंठे टोमॅटो दोन टप्प्यात, १३ गुंठे फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पूर्वेला, १२ गुंठे त्यानंतर २० दिवसांनी पश्चिमेला. मका परवाच टोकला, आईने आणि मी. वांग्याच्या प्लॉटला ६ गुंठे कोथिंबीर, तीन वेळा थोडी थोडी, बाकी वडिलांची बाजरी. बांबू नवे घेत नाही, मामाकडे ४०० पडून आहेत, तीनशे अजून लागतील. हिशोब केला तर पहिल्या तोड्यापर्यंत ८५ ते ९० हजारात बसतंय, म्हणजे उधारी शून्य आणि हातात निम्मे पैसे शिल्लक राहतात. नर्सरी दोन बघितल्या, पहिल्या ठिकाणी पान उलटं केल्यावर माशी उडाली, दुसरीकडे तिथला माणूस चपला बाहेर काढायला लावत होता, तिथे सांगितली रोपं.

वडील काल स्वतः शेणखताच्या ट्रॉलीचं बोलून आले. काही म्हणाले नाहीत, फक्त ट्रॉली किती ते विचारलं.

पाटील साहेब, टोमॅटोनंतर दोडका लावायचा म्हणतोय, अंतर काय ठेवू?

नाशिककर_पाटील

त्याच बेडवर ३ फुटाला एक वेल पुरे, जास्त दाट केलं तर हवा खेळत नाही आणि केवडा (पानांवरचा बुरशी रोग) येतो. बी पावसाच्या तोंडावर जाईल त्यामुळे बेडच्या कडेची चर मोकळी ठेवा, पाणी साचू देऊ नका. टोमॅटोची सुतळी काढू नका, वेल तिच्यावरूनच चढतो. आणि एक लक्षात ठेवा, दोडक्याची फुलं संध्याकाळी उघडतात आणि परागीकरण करणारे किडे तेव्हा येतात, टोमॅटोला आपल्याला संध्याकाळी फवारायची सवय लागलेली असते ती मोडायची, दोडक्याला फवारा सकाळी लवकर उरकायचा. नाहीतर फुलं भरपूर दिसतात आणि दोडका काही लागत नाही.